सात मिनिटं वीस सेकंद

१

बसथांब्याच्या काचेवर मंगळवारी सकाळी नवी जाहिरात लागली होती. एकमेकांकडे पाठ करून उभी असलेली दोन माणसं, मधे अर्धवट जोडलेलं कपाट, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘मौन. सात मिनिटं वीस सेकंद. एक शब्दही नाही. या रविवारपासून.’

लेखिकेने ती वाचली, बस येऊन गेली तरी वाचत राहिली, आणि मग तडक वकिलांच्या कचेरीत आली. बसायला सांगितलं तर बसलीही नाही.

“माझा कार्यक्रम आहे तो. मी त्यांना ऐकवला होता. नाव फक्त बदललंय.”

“तुमचं नाव काय होतं त्याला?” कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला.

“अबोला.”

कोपऱ्यातल्या बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. तीस वर्षं त्यांनी सिनेमाच्या सेटवर एकच काम केलं होतं: आधीच्या शॉटमध्ये नायकाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, तर पुढच्यातही ते उघडंच आहे ना, हे बघायचं. प्रत्येक शॉटचा फोटो काढून त्या फळ्यावर टाचणीने लावत, म्हणून ते नाव. बोलणं टोचणारं होतं हेही एक कारण, पण ते कोणी तोंडावर सांगत नसे. निवृत्तीनंतर वकीलसाहेबांनी त्यांना ‘कागद बघायला’ म्हणून ठेवून घेतलं. त्या कागद कमी आणि माणसं जास्त बघत.

वकीलसाहेबांना बारा महिने सर्दी. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि समजावून सांगायला घेतलं.

“नुसत्या कल्पनेला कायदा कुंपण घालत नाही. हवेतली कल्पना सगळ्यांची. पण विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचं तसं नाही. तिथे आपल्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. कल्पनेला हातपाय फुटलेले होते, नुसता विचार नव्हता. ती गुपित म्हणून सांगितली होती. आणि ऐकणाऱ्याने ती न विचारता वापरली.”

“तिन्ही आहेत,” लेखिका म्हणाली आणि एकदाची बसली. “दोन नातेवाईक, ज्यांच्यात खरोखरचा अबोला आहे. एक सुटं कपाट. आठ मिनिटांत दोघांनी मिळून ते जोडायचं. बोलायचं नाही. घंटा वाजल्यावर दोघांपैकी जो पहिला शब्द बोलेल, तिथे कार्यक्रम संपला. एकवीस तारखेला मी हे वाहिनीच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. ‘ऐकलेलं बाहेर जाणार नाही’ या कागदावर त्यांची सही आहे.”

“तुमची आठ मिनिटं. यांची सात मिनिटं वीस सेकंद,” टाचणीबाई म्हणाल्या.

“चोरलेल्या सायकलचा रंग बदलतात ना, तसं केलंय.”

वकीलसाहेबांना ते पटलं. टाचणीबाईंना पटलं नाही. रंग बदलणारा माणूस आठाचे दहा करेल, नाहीतर सहा. सात वीस कोण करतो?

वाहिनीला नोटीस गेली. बुधवारी सकाळी उत्तर आलं, सोबत एक पानी टिपण जोडलेलं. वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि शिंकायचंही विसरले. टिपणात सगळं होतं: न बोलणारे नातेवाईक, सुटं कपाट, शेवटची घंटा, वेळ सात मिनिटं वीस सेकंद. वर वाहिनीच्या नोंदवहीचा शिक्का होता. तारीख होती नऊ.

“तुम्ही त्यांना कधी सांगितलंत म्हणालात?”

“एकवीसला.”

“मग तुम्ही सांगण्याआधी बारा दिवस त्यांना हे माहीत होतं. आणि ते आणखी एक म्हणतायत. त्यांच्या इमारतीत तुमची सख्खी बहीण नोकरी करते. ही कल्पना तिने तिथून चोरून तुम्हाला दिली, असा त्यांचा आरोप आहे. शुक्रवारी न्यायाधीशांसमोर आपण हरलो, तर कार्यक्रम जाईलच. वर चोर तुम्ही ठराल आणि तिची नोकरी सुटेल.”

२

वाहिनीच्या कल्पना विभागाच्या साहेबांना त्यांच्याच माणसांनी ‘हो-हो साहेब’ असं नाव ठेवलं होतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते ‘हो हो’ म्हणत, आणि नंतर त्यातलं काहीच करत नसत.

“तुमची नोंदवही बघायला मिळेल?”

“हो हो.” आणि यावेळी त्यांनी खरंच दाखवली. टाचणीबाईंनी तारीख, शिक्का, वरची-खालची नोंद, सगळं नखाने घासून पाहिल्यासारखं पाहिलं. मागची तारीख घातलेली नव्हती. टिपण त्याच दिवशी बारा जणांना ई-मेलने गेलं होतं, ते बाराही ई-मेल जागच्या जागी होते. नऊ तारीख खरी होती. इथवर टाचणीबाईंचा सगळा भर टिपण खोटं आहे यावर होता. तो पायाच निखळला.

“छान सुचलं हो तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “सुचलं कसं?”

“संशोधन. वर्षभर नवीन काही येत नव्हतं. वरून फार दबाव होता. मग बैठकांत बोलता बोलता…”

“आणि सात मिनिटं वीस सेकंदच का?”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला. “गोल आकडा लोकांच्या लक्षात राहत नाही. बैठकीत ठरलं ते.”

“त्या बैठकीचा कागद?”

“हो हो,” साहेब म्हणाले, पण कागद काही निघाला नाही.

टाचणीबाईंनी सवयीने खोली डोळ्यांत भरून घेतली. खिडकीत सुकलेलं रोपटं, भिंतीवर मागच्या वर्षीच्या कार्यक्रमांची पोस्टरं, टेबलावर चौकटीतला फोटो. वाढदिवसाचा असावा. नातवाला मांडीवर घेऊन बसलेले आजोबा, चेहरा नातवाच्या भल्यामोठ्या कागदी टोपीमागे झाकलेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक लाल, एक हिरवं. बाजूला साहेब आणि त्यांची बायको हसत उभे.

“आमच्या घरात काय शोधताय?” साहेब उठत म्हणाले. “तुमच्या लेखिकेची धाकटी बहीण याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसते. आधी तिला विचारा. नऊ तारखेच्या आत तिला हे माहीत होतं की नव्हतं, एवढंच विचारा.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं टाचणीबाई मनात म्हणाल्या. पण जिन्याने त्या दुसऱ्या मजल्यावरच उतरल्या.

३

धाकटी रंगभूषेच्या खोलीत एका बातमीदाराच्या कपाळावरची चमक पावडरीने मारत होती. तो गेल्यावर तिने ब्रश धुवायला घेतले आणि धूत असतानाच उत्तरं दिली.

“हो. माहीत होतं. नऊच्या आधीच.”

टाचणीबाईंनी स्टूल ओढलं. “कसं?”

“ताईने घरी तालीम घेतली होती. एक तारखेला. खेळ जमतो का बघायला. तिला न बोलणारे दोन नातेवाईक हवे होते. लांब कशाला जायचं, घरातच होते. एक मी, आणि दुसरे ते गृहस्थ.”

“कोण गृहस्थ?”

“चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. ताई त्यांना दादा म्हणते.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी काही म्हणत नाही. तीन वर्षं झाली.” तिने ब्रश झटकला. “चपलांचं कपाट होतं. ताईने फोन फडताळावर उभा केला, सांगितलं की आठ मिनिटं आहेत, आणि स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ पिळलं. आम्ही जोडलं. घंटा वाजली. मी घरी आले.”

“इथे कोणाला बोललात?”

“इथे मी लोकांच्या तोंडाला रंग लावते. माझं तोंड बंदच असतं.”

“तालमीत काही झालं होतं?”

धाकटी नळाकडे वळली आणि तो बंदच असताना पुन्हा घट्ट केला. “काही नाही. त्या गृहस्थांना विचारा हवं तर.”

ते गृहस्थ दुकानात काचेच्या पेटीमागे बसून एका फ्रेमचा तीळभर स्क्रू बसवत होते. दादाचं बोलणंही स्क्रूएवढंच. आठ मिनिटं होती. कपाट जोडलं. तिसरी फळी आधी उलटी लागली, मग सुलटी केली. कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला?

“तालमीत काही झालं होतं?”

दादाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. काहीतरी जड तोंडाशी आलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्याने चष्मा पुसला आणि परत घातला. “नाही,” तो म्हणाला.

दोघंही मूग गिळून बसली होती, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: आठ मिनिटं. लेखिका आठ म्हणते, तिचा कागद आठ म्हणतो. मग सात वीस आलं कुठून? परतताना टाचणीबाईंना वाटेतच उजेड पडला. घड्याळ. स्वयंपाकघरातली ती पिळायची घड्याळं कधी नीट चालतात? आठावर पिळलं आणि सात मिनिटं वीस सेकंदांनी वाजलं, तर ज्याने हातातल्या घड्याळावर वेळ मोजली त्याने सात वीसच लिहिलं असणार.

लेखिकेकडून घंटीचं घड्याळ मागवून त्यांनी ते वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवलं, आठावर पिळलं आणि मनगटावर नजर ठेवली. वकीलसाहेबांनी शिंक दाबून धरली. सात मिनिटं झाली. सात वीस झाली. घड्याळ टिकटिकतच राहिलं.

आठव्या मिनिटाला, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही, घंटा वाजली.

“साप म्हणून भुई धोपटली आपण,” वकीलसाहेब म्हणाले आणि मनसोक्त शिंकले.

४

गुरुवारी सकाळी टाचणीबाई लेखिकेच्या घरी गेल्या. दोन खोल्या, फडताळभर वह्या, दाराशी ते चपलांचं कपाट.

“तालमीचं चित्रण दाखवा.”

“त्यात काही नाही.”

“काही नाही तेच बघायचंय.”

लेखिकेने संगणक उघडला. पडद्यावर तिचा हात आला, पाठमोरं घड्याळ पिळून गेला. मग दादा आणि धाकटी. फळ्या, खुंट्या, स्क्रूचा पुडा. कोणी बोलत नव्हतं. आणि तरी बघवत नव्हतं इतकं ते बोलत होतं: फळी देताना बोटं लागू नयेत म्हणून दोघांनी घेतलेली काळजी, एकाने धरली की दुसऱ्याचं मान फिरवणं. टाचणीबाईंनी आयुष्यभर खोटी भांडणं पाहिली होती. खऱ्या अबोल्यासमोर त्या जरा सावरून बसल्या. ही बाई चोर असेल ही शेवटची शंकाही तिथेच गेली.

मग अचानक त्यांनी हात वर केला. “थांबा. मागे घ्या.”

एका क्षणी दादाच्या डोळ्यांवर चष्मा होता. पुढच्याच क्षणी तो त्याच्या खिशात होता. धाकटीच्या उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात गेला होता, आणि तिचे डोळे ओले होते. तीस वर्षं हेच तर पाहिलं होतं.

“इथे कापलंय.”

लेखिकेने खुर्ची मागे सरकवली.

“हे चित्रण घड्याळ पिळल्यापासून घंटा वाजेपर्यंतचं आहे. म्हणजे आठ मिनिटं हवं. खाली बघा, किती आहे.”

लेखिकेने वाकून पाहिलं. तिने यापूर्वी तो आकडा कधी पाहिलाच नव्हता. तिच्या डोक्यात आठच होती, आणि डोक्यात असलं की माणूस मोजत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: सात मिनिटं वीस सेकंद.

ती सरळ होऊन बसली. मग तिने सांगितलं. तालमीच्या मधेच दादा बोलला होता. धाकटीनेही उत्तर दिलं होतं. चाळीस सेकंद. ते खेळाचं नव्हतं, घरातलं होतं. नंतर दोघंही वेगवेगळी तिच्याकडे आली आणि दोघांनीही तिच्याकडून एकच वचन घेतलं: ते कोणाला दाखवायचं नाही. तिने तेवढं कापून बाजूला ठेवलं आणि उरलेलं जोडलं.

“आता नीट ऐका,” टाचणीबाई म्हणाल्या. “तालमीत जे होते त्यांना आठ मिनिटं माहीत. तुमचा कागद ज्यांनी वाचला त्यांनाही आठ माहीत. सात वीस हा आकडा जगात एकाच ठिकाणी आहे, या कापलेल्या प्रतीत. यात कोणी बोलत नाही, घड्याळाचं तोंड दिसत नाही. ज्याने फक्त ही प्रत पाहिली आणि तिची लांबी पाहिली, तोच सात वीस लिहील. ही प्रत कोणाकोणाला दिलीत?”

“कोणालाच नाही.”

“आठवून सांगा.”

“खरंच कोणालाच नाही. एकच प्रत बाहेर गेली, तीन तारखेला, तेव्हा कागदही लिहून झाला नव्हता. पण ती तर लेखकांच्या संघाच्या कुलपात आहे. चोरी होऊ नये म्हणूनच दिली तिथे. या भांडणात ती काढली तर कापलेल्यात काय होतं हे विचारतील, म्हणून मी तिचं नावच काढलं नाही.”

५

लेखकांच्या संघाची कचेरी म्हणजे एक लांबट खोली आणि कुलपांची लोखंडी कपाटं. कोणाकडे कल्पना घेऊन जाण्याआधी लिहिणारे लोक ती इथे ठेवून जात. पाकिटावर लाख, वहीत नोंद, हातात पावती. उद्या भांडण झालं तर तारीख बोलते. गेली बावीस वर्षं हे सगळं नोंदणीकाका सांभाळत होते. काका म्हणजे भिंत, असं लेखक म्हणत, आणि भिंतीला कान असतात हे त्यातल्या कोणालाच आठवलं नव्हतं.

टाचणीबाई, लेखिका आणि वकीलसाहेब समोर बसल्यावर काकांनी वही काढली. खिशातून लाल पेन काढून त्याच्या टोकाने ओळ दाखवली. तीन तारीख. ‘अबोला’. प्रकार: चित्रण. अवधी: सात मिनिटं वीस सेकंद. शेजारी हिरव्या पेनची बरोबरची खूण.

“अवधी कसा कळतो, काका?”

“लावून बघावं लागतं ना. हेडफोन लावतो, पूर्ण बघतो, मगच लाख. उद्या आत रिकामी डबी निघाली तर लोक माझ्या नावाने शंख करतील.” ते लेखिकेकडे वळले. “तू समोरच बसली होतीस की.”

लेखिकेने मान हलवली. ती समोरच बसली होती. तरी ‘कोणाकोणाला दिलीत’ या प्रश्नात तिने काकांना धरलंच नव्हतं. कुलूप लावणाऱ्याला कोण पाहुण्यांत मोजतं?

काकांनी पाकीट आणून टेबलावर ठेवलं. “लाख बघून घ्या. अखंड आहे.”

“लाख अखंड आहे,” टाचणीबाई म्हणाल्या. त्यांची नजर काकांच्या खिशावर होती. एक लाल पेन, एक हिरवं. “नातवाची टोपी छान होती हो. वाढदिवस कितवा?”

“तिसरा,” काका म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

“वाहिनीत तुमच्या जावयांच्या टेबलावर फोटो पाहिला,” टाचणीबाई म्हणाल्या. लेखिकेला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने खुर्चीचा हात धरला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

“जावई असणं हा गुन्हा नाही,” काका शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण बावीस वर्षं नियमांत गेलेली, ते नियमाचंच बोलले. “पाकीट फुटलेलं नाही. मी कोणाला काही दिलेलं नाही. सात वीस त्यांच्या बैठकीतही ठरू शकतं, या तीन तारखेच्याही आधी. उलट ते म्हणतील, त्यांचा आकडा ऐकून हिनेच सात वीसचं चित्रण केलं.”

रस्त्यावर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, “म्हातारा बरोबर बोलला. दोन्हीकडे सात वीस. कोणाचं कोणी घेतलं हे आकडा सांगत नाही. तो आकडा कोणी ठरवला नव्हता, तुमच्या घरात कापताना तो चुकून तयार झाला, हे दाखवलं तरच प्रश्न मिटेल. त्यासाठी मूळ चित्रण लागेल. ते चाळीस सेकंद लावावे लागतील.”

“लावणार नाही,” लेखिका म्हणाली.

“मग रविवारी त्यांचा कार्यक्रम लागेल आणि सोमवारी तुम्ही चोर.”

“त्या दोघांनी मला विश्वासाने सांगितलंय, साहेब. मी वाहिनीवर कशासाठी रडतेय? हेच त्यांनी मोडलं म्हणून ना? मग मीही तेच मोडू?”

वकीलसाहेबांनी टाचणीबाईंकडे पाहिलं. त्या लेखिकेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

६

शुक्रवारी अकरा वाजता न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना आपल्या दालनात बोलावलं. गुपिताचा खटला म्हणून दार लावून घेतलं. एका बाजूला हो-हो साहेब आणि वाहिनीचे वकील, दुसऱ्या बाजूला लेखिका. भिंतीकडेच्या बाकावर एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला धाकटी, मधे टाचणीबाई. नोंदणीकाका वही मांडीवर घेऊन दाराजवळ.

पाकिटाची लाख फोडली गेली, प्रत लावली गेली. टाचणीबाईंनी कापल्याची जागा दाखवली. चष्मा डोळ्यांवर, चष्मा खिशात. तालमीतल्यांना आठ माहीत, वाचणाऱ्यांना आठ माहीत, सात वीस फक्त इथे. न्यायाधीशबाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

वाहिनीचे वकील उठले. “कापलं असेल. पण का? आमच्या आकड्याशी जुळावं म्हणूनच कापलं असेल. टिपण नऊचं असलं तरी आमच्या बैठका यांच्या तीन तारखेच्या आधीपासून चालू होत्या. यांच्या बहिणीने आमच्या इमारतीत सात वीस ऐकलं, यांनी चित्रण कापून सात वीस केलं आणि नोंदवून टाकलं. कापलेल्या भागात जर खरंच काही असेल, तर दाखवावं.”

“रास्त आहे,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “मूळ चित्रण आहे ना?”

“आहे,” लेखिका म्हणाली. तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती. “पण मी ते दाखवणार नाही. ते माझं नाही.”

“याचा अर्थ कळतोय तुम्हाला?”

“हो.”

वाहिनीचे वकील समाधानाने बसले. हो-हो साहेबांनी कपाळ पुसलं. न्यायाधीशबाईंनी लिहायला पेन उघडलं, आणि तेवढ्यात टाचणीबाईंच्या डाव्या बाजूला काहीतरी हललं. दादाने चष्मा काढला होता.

“माझं आहे ते,” तो उभा राहून म्हणाला. “मी सांगतो. दाखवायचं असेल तर नंतर दाखवाही.”

त्याने चष्म्याच्या काड्या हातात फिरवायला सुरुवात केली.

“आमच्या आईचं ऑपरेशन व्हायचं होतं. हिचं म्हणणं होतं, करू नका, ती इतकी थकलीय की सोसवणार नाही. मी ऐकलं नाही. हट्टाने करवलं. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मग ती तालीम. कपाटाची फळी धरून उभे होतो आम्ही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, तू नको म्हणत होतीस. तुझं बरोबर होतं. मी चुकलो.” त्याने श्वास घेतला. “एवढंच. मोजलं नाही, पण चाळीस सेकंद लागले असतील. मला एकदम बोलता येत नाही.”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि यांनी काय उत्तर दिलं?”

दादा खाली बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

“मी म्हटलं, स्क्रू दे,” धाकटी म्हणाली. “दुसरं काही सुचलंच नाही.”

“मग?”

“या गृहस्थांनी दिला.”

लेखिकेने पर्स उघडली. चित्रण लावलं गेलं. शब्दन्‌शब्द तसंच होतं. मोजलं तर चाळीस सेकंद, आणि त्या चाळिसांतले तीस नुसती शांतता. आकडा जुळवायला म्हणून असं कोणी काही कापत नाही, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं. बघताना वाहिनीच्या वकिलांनी खाली मान घातली होती, हे त्यांच्याविषयी चांगलंच म्हणायला हवं.

“साहेब,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “सात वीस तुमच्या बैठकीत ठरलं, हे तुम्ही शपथेवर सांगता?”

हो-हो साहेबांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हो निघेना.

“त्याला नका विचारू,” दाराजवळून काका म्हणाले. ते उभे राहिले होते. “मुलीकडे जेवायला गेलो होतो. याची नोकरी जायची वेळ आलेली, पोरगी रडत होती. मी म्हटलं, परवाच एक काय सुंदर गोष्ट बघितली. बोलून गेलो. लांबीसकट बोललो, सवयच ती. नऊ तारखेला याने लिहून टाकलं.” त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून वहीवर ठेवली. “बावीस वर्षांत एकदाच, बाई. पण एकदाच असलं तरी भिंत पडली ती पडलीच.”

रविवारचा कार्यक्रम थांबवण्याचा हुकूम न्यायाधीशबाईंनी तिथेच लिहिला. धाकटीवरचा आरोप वाहिनीच्या वकिलांनी आपणहून मागे घेतला. लेखिका काकांसमोर जाऊन उभी राहिली. खूप काही बोलायचं ठरवून आली होती, पण काकांच्या रिकाम्या खिशाकडे पाहून तिला ते जमलं नाही. ती रागावलेली होती आणि तिला वाईटही वाटत होतं, आणि दोन्हीपैकी काहीच कमी होत नव्हतं.

बाहेर लांब व्हरांडा होता. दादा खिडकीशी थांबला. इतका वेळ पिळून पिळून चष्म्याची काडी सैल झाली होती आणि दुकानदाराच्याच हातात निखळून आली. तीळभर स्क्रू फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. चष्म्याशिवाय दादाला तो दिसणार कसा? तो नुसताच वाकून चाचपडत राहिला.

लेखिका मदतीला पुढे निघाली, तर टाचणीबाईंनी तिचं कोपर धरलं.

धाकटी व्हरांड्याच्या टोकाशी पोचली होती. ती थांबली. मागे आली, खाली बसली, फरशीच्या भेगेतून नखाने स्क्रू काढला आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला.

“दादा,” ती म्हणाली. “हा घे.”